राप

नाणं कडेनं धरायचं. हे पहिलं.
ज्याचा अंगठा नाण्याच्या तोंडावर टेकला
ते गिऱ्हाईक परत पाठवायचं,
असं आर्विड केटुनेन म्हणायचा. आणि पाठवायचाही.

डुलुथच्या बंदरावर दुकान.
खिडकीतून खनिजाची जहाजं दिसत,
पोटभर लोखंड घेऊन पाण्यात खोल बसलेली.
पहिला हिवाळा मी नुसतं हुंगायला शिकले.
"चांदीला वास नसतो," तो म्हणे.
"गंधक, ब्लीच, उकडलेलं अंडं,
काहीही नाकात आलं तर भिंग काढूच नकोस."

दुसऱ्या हिवाळ्यात रंग.
रंग रांगेनं येतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा,
मग तांबूस, मग जांभळाच्या सालीचा,
मग निळा. निळा विरत विरत पुन्हा फिकट पिवळा,
आणि सगळी फेरी परत एकदा, जास्त गडद.
हिरव्याला फार उशीर लागतो.
हवेला उडी मारता येत नाही.
पहिल्या पिवळ्याला खेटून हिरवा बसलेला दिसला
तर समजायचं, कुणीतरी घाईत होतं.

ताऱ्यांपाशी थांबायचं, अक्षरांपाशी.
त्यांच्या कडेला खरा रंग जरा बिचकतो,
केसाएवढी उजळ रेघ सोडतो.
खोटा बिचकत नाही,
पाक सांडावा तसा अक्षरांवरून ओघळतो.
चरा दिसला तर विचारायचं:
तू आधीचा की रंग आधीचा?

आणि टाकसाळीच्या कापडी पिशवीत
साठ वर्षं तळाशी दबलेला डॉलर असेल
तर त्याच्या गालावर पिशवीची वीण उमटते,
झोपून उठलेल्या मुलाच्या गालावर
उशीची उमटते तशी.
ती वीण पाहिली की आर्विड हळू बोलायचा.

मार्चमध्ये लोर्ना स्ट्रँड आली.
तंबाखूचा डबा, आत वर्तमानपत्राची घडी,
घडीत एकच डॉलर. १८८१, सॅन फ्रान्सिस्को.
"हॅरल्ड गेला. हा त्यानं इथूनच घेतला होता,
चौऱ्याहत्तर साली. लाल केसांच्या एका पोराकडून."

मी हुंगलं. वास नव्हता.
पण गुलाबीला चिकटून हिरवा,
आणि ताऱ्यांभोवती उजळ रेघ कुठेच नाही.
म्हटलं, "खोटा आहे."
जरा मोठ्यानंच म्हटलं असेन. तिसरा हिवाळा होता माझा.

आर्विडनं भिंग घेतलं नाही.
डोक्यावरचे पांढरे केस मागे सारले.
"बटाट्यात खुपसला होता," तो म्हणाला,
"आईच्या ओव्हनमध्ये. रविवारी, ती चर्चला गेलेली.
दुकान तेव्हा मामाचं होतं. साठ डॉलरला विकला."

बाहेर कुठलंसं जहाज भोंगा देत होतं, देतच होतं.

मग त्यानं नाणं दिव्याखाली तिरकं केलं.
उजव्या कडेला एक कोर, नखाएवढी,
बटाट्याचा रंग जिथे पोचलाच नव्हता तिथे:
पिवळा, तांबूस, जांभळा,
आणि अगदी काठावर निळ्याची सुरुवात.
रांगेत. कुणीही न ढकलता.
"एवढं मी केलेलं नाही," तो म्हणाला.
"एवढं डब्यानं केलं. आणि हॅरल्डनं, न उघडून."

"उघडायचा तो," लोर्ना म्हणाली. "दर नाताळला."

आमच्याकडे पाकिटं दोनच प्रकारची.
मी पेन धरून उभी राहिले.
कुणी काही सांगितलं नाही, मी काही लिहिलं नाही.

"माझे साठ डॉलर," लोर्ना म्हणाली.
त्यानं गल्ला उघडला, विसाच्या तीन नोटा मोजल्या.
तिनं त्या पर्समध्ये ठेवल्या
आणि नाण्यासाठीही हात पुढे केला.

देताना आर्विडनं अंगठा टेकवला.
तोंडावर, चांगला दाबून,
घटकाभर तसाच.
मी पाहिलं. तिनंही पाहिलं.
त्याला परत कुठे पाठवणार?

डबा बंद झाला.
तो ठसा आता आत आहे. दिसायला लागेल कधीतरी.
आधी पिवळा.